उणे १९६ अंशांवरील आशा

हिमायतनगर परिसरातील पशुपालकास द्रवरूप नायट्रोजनचे भांडे परके नाही. गाय माजावर आली की जनावरांच्या डॉक्टरांना निरोप जातो. अरुंद तोंडाच्या त्या भांड्यातून वाफेच्या लोटासह एक बारीक कांडी चिमट्याने वर निघते, कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडते, आणि कधी काळी गोठवलेले लाल कंधारी किंवा देवणी वळूचे वीर्य पुन्हा चैतन्य पावते. भांड्यात तापमान असते उणे १९६ अंश सेल्सिअस. वळू दगावला तरी त्याच्या कांड्या उरतात आणि वासरे जन्मतात.

हे पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न सहज उगवतो. वळूचे बीज असे राखता येते, तर माणूस का नाही? हाच प्रश्न रॉबर्ट एटिंजर या अमेरिकी शिक्षकाने १९६० च्या दशकात पुस्तकरूपाने मांडला आणि त्यातून ‘क्रायॉनिक्स’चा जन्म झाला. आजचा असाध्य आजार उद्या साध्य होईल, तोवर मृतदेह अतिशीत अवस्थेत राखून ठेवावा, ही त्यामागील कल्पना. जेम्स बेडफर्ड यांचा देह जानेवारी १९६७ मध्ये असा गोठवण्यात आला. तो आजही ॲरिझोनातील ‘अल्कोर’ संस्थेत आहे. तेथील भांडी आपल्याकडील भांड्यांच्याच जातीची, केवळ माणूस मावेल एवढी उंच. देह त्यांत उलटा, डोके खाली करून ठेवतात. नायट्रोजन कमी पडलाच तर मेंदू शेवटी उघडा पडावा म्हणून. आजवर जगात एकही गोठवलेला माणूस पुन्हा उठलेला नाही.

का नाही, याचे उत्तर त्या कांडीतच दडलेले आहे. पेशी गोठताना पाण्याचे अणकुचीदार स्फटिक होतात आणि पेशी फुटते. १९४९ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांना आढळले की ग्लिसरॉल मिसळल्यास ही हानी बरीच टळते. कांडीतील मिश्रणात अंड्याच्या बलकासोबत ग्लिसरॉल असते ते यासाठीच. तरीही वितळल्यावर निम्मे शुक्रजंतू हालचाल करीत असले, की कांडी प्रमाणित ठरते. उरलेले निम्मे वाया गेले तरी गाय गाभण राहण्यास अडचण नसते. एक शुक्रजंतू पुरतो. मेंदूचा असा हिशेब कसा करावा? निम्म्या चेतापेशी वाचल्या, तर वाचले ते कोण?

शिवाय कांडी पाव मिलिलिटरची असते. ती क्षणात थंड होते आणि क्षणात वितळते. साठ-सत्तर किलोचा देह सर्व बाजूंनी एकसारखा थंड होत नाही. त्वचा गोठते तेव्हा गाभा उबदारच असतो आणि या ताणाने अवयवांना तडे जातात. बर्फ होऊच नये म्हणून शरीरात काचेसारखे थिजणारे द्राव भरतात. पण त्यांची आवश्यक तीव्रता पेशींना विषारी ठरते. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी उंदराचे मूत्रपिंड असे थिजवून, लोहकणांच्या साहाय्याने सर्वत्र समान ऊब देऊन, दुसऱ्या उंदरात बसवले आणि ते चालले. ही मोठी मजल आहे. पण मूत्रपिंडास आठवणी नसतात.

आणि या साऱ्याआधी घड्याळ असते. हृदय थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींची हानी सुरू होते. मराठवाड्याच्या मे महिन्यात, तालुक्याच्या गावी, बर्फ, यंत्रे आणि प्रशिक्षित पथक उशाशी सज्ज असल्याखेरीज क्रायॉनिक्सचा पहिला टप्पाही साधणार नाही. अंत्यविधीपर्यंत पार्थिव ठेवण्यासाठी आपण भाड्याने आणतो त्या शीतशवपेटीशी याची गल्लत करू नये. ती केवळ कुजणे लांबवते.

विज्ञानाची कोंडी ही अशी. कायद्याची त्याहून चमत्कारिक. जिवंत माणसाला गोठवणे म्हणजे त्याचा प्राण घेणे, म्हणून आधी मृत्यू घोषित व्हावा लागतो. आणि मृत्यू घोषित झाला की तो माणूस रुग्ण राहत नाही. मृत्यूची नोंद होते, वारसांची नोंद होते, सातबाऱ्यावर फेरफार होतो, विम्याचे पैसे मिळतात. समजा, शतकानंतर तो जागा झालाच, तर आपले शिवार त्याने कोणाकडे मागावे?

आपल्याकडे २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने गोठवलेल्या भ्रूणांच्या साठवणुकीसही सर्वसाधारणपणे दहा वर्षांची मर्यादा घातली. देहदानाकरिता महाराष्ट्राचा १९४९ चा शरीररचनाशास्त्र अधिनियम आहे. क्रायॉनिक्सकरिता मात्र भारतात स्वतंत्र कायदा नाही. सर्वांत जवळचे प्रकरण पंजाबातील नूरमहलचे. तेथील आश्रमाचे प्रमुख आशुतोष महाराज यांना जानेवारी २०१४ मध्ये डॉक्टरांनी मृत घोषित केले. ते समाधीत आहेत असे अनुयायांचे म्हणणे पडले आणि देह शीतकक्षात ठेवला गेला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात अंत्यसंस्काराचा आदेश दिला. २०१७ मध्ये खंडपीठाने तो रद्द करून देह जतन करू दिला. तो श्रद्धेचा विषय होता, गोठवण्याच्या शास्त्राचा नव्हे. परंतु मृतदेह किती काळ आणि कोणाच्या इच्छेने राखावा याचे तयार उत्तर आपल्या कायद्यात नाही, हे त्यातून उघड झाले.

नियमन नसले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथील दफनभूमीत गोठवलेले नऊ देह, नातेवाइकांकडून येणारे पैसे आटल्यावर, १९७० च्या दशकात वितळून कुजले. आज मिशिगनमधील संस्था सुमारे २८ हजार डॉलर आकारते, म्हणजे वीस लाख रुपयांहून अधिक. अल्कोरचा संपूर्ण देहाचा दर दोन लाख डॉलरांच्या पुढे आहे.

मला अधिक बोचते ते दुसरेच. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये कर्करोगाने मरणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीने गोठवले जाण्याची इच्छा व्यक्त केली. आईवडिलांत मतभेद होते. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी देहाविषयीचा निर्णय आईकडे सोपवला. या शास्त्राला आपण मान्यता देत नाही, हेही स्पष्ट केले. मुलीच्या अखेरच्या दिवशी आई गोठवण्याच्या तयारीतच इतकी गुंतली होती की मुलीजवळ पूर्णपणे थांबू शकली नाही, असे रुग्णालयाचे म्हणणे नोंदले गेले. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या कुटुंबाने हा आकडाही त्यात धरावा.

वाचकहो, शीततेचे खरे आणि सिद्ध झालेले दान निराळे आहे. बर्फाच्या गारव्यात, चार अंशांच्या आसपास, दान केलेले हृदय चार ते सहा तास टिकते, मूत्रपिंड चोवीस तासांहून अधिक, तर नेत्रपटल योग्य द्रावणात सुमारे चार दिवस. मेंदूस्तंभमृत्यूनंतरच्या अवयवदानास १९९४ च्या कायद्याची चौकट आहे: चार डॉक्टरांचे मंडळ, सहा तासांच्या अंतराने दोन चाचण्या आणि नातेवाइकांची लेखी संमती. घरी मृत्यू झाला तरी नेत्रदान शक्य असते. मात्र सहा तासांच्या आत. तेव्हा मृताच्या पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा आणि नेत्रपेढीस ताबडतोब कळवावे.