नदीतच घडतो समुद्राचा मासा

अमेरिकेच्या ईशान्येला कनेटिकट नावाची नदी आहे. कॅनडाच्या सीमेजवळ उगम पावून साडेसहाशे किलोमीटर वाहत ती अटलांटिकला मिळते. एके काळी तिच्या उपनद्यांच्या खडकाळ पात्रांत अटलांटिक सालमन मुबलक होते. सालमन म्हटलं की प्रवाहाविरुद्ध उड्या घेत वर चढणाऱ्या मोठ्या माशाचं कौतुक होतं. मला मात्र नदी सोडून निघालेल्या वीतभर पिलाचं नवल अधिक वाटतं.

हे पिल्लू साधारण दोन वर्षं गोड्या पाण्यात काढतं. तपकिरी अंग, कुशींवर उभे गडद पट्टे, मधे लाल ठिपके. प्रवाहाकडे तोंड करून ते दगडाजवळची आपली जागा राखतं, दुसरं कुणी आलं की हुसकावून लावतं. वसंतात दिवस मोठे होऊ लागले की त्याचा सगळा नूर पालटतो. कातडीत ग्वानिनचे स्फटिक साचून पट्टे झाकले जातात, अंग चंदेरी होतं, परांच्या कडा काळ्या पडतात. अंग सडपातळ होतं, कारण साठवलेली चरबी आणि यकृतातलं ग्लायकोजेन या बदलांत खर्ची पडतं. भांडणं थांबतात, थवे जमतात आणि बहुतेक रात्रीच्या वेळी पिल्लं खाली वाहत निघतात. या अवस्थेतल्या पिलाला स्मोल्ट म्हणतात.

खरी उलथापालथ मात्र कल्ल्यांत होते. नदीत माशाचं रक्त भोवतालच्या पाण्याहून खारट असतं. पाणी सतत अंगात शिरतं, मीठ बाहेर झिरपतं. म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही, भरपूर पातळ मूत्र सोडतो आणि कल्ल्यांतून मीठ ओढून घेतो. समुद्राचं पाणी त्याच्या रक्ताच्या सुमारे तिप्पट खारट. तिथे अंगातलं पाणी निघून जातं. ते भरून काढायला समुद्राचं पाणी प्यायचं आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकायचं. थोडक्यात, कल्ल्यांनी आजवरच्या कामाच्या नेमकं उलट काम करायचं.

वाढत्या उजेडाचा इशारा मेंदूमार्गे पियूषिका ग्रंथीला मिळतो. रक्तात वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसोल वाढतं. गोड्या पाण्यात मीठ धरून ठेवायला मदत करणारं प्रोलॅक्टिन ओसरतं. कल्ल्यांच्या पेशींत सोडियम-पोटॅशियम एटीपेज नावाचा प्रथिनाचा पंप असतो. त्याचा गोड्या पाण्याला साजेसा प्रकार घटतो आणि समुद्रात लागणारा प्रकार वाढतो. पावसाळ्यापूर्वी घर शाकारून घ्यावं, तशी ही तयारी खाऱ्या पाण्याचा थेंबही लागण्याआधी होते.

याच दिवसांत थायरॉइडची संप्रेरकं वाढतात आणि जन्मनदीचा वास मेंदूत पक्का होतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आर्थर हॅस्लर यांनी कोहो सालमनच्या पिलांना मॉर्फोलिन या रसायनाचा वास दिला होता. मोठे झाल्यावर ते मासे मिशिगन सरोवरातून, मॉर्फोलिन सोडलेल्या ओढ्याकडे परतले.

पण ही तयारी टिकते काही आठवडेच. समुद्र गाठायला उशीर झाला आणि पाणी तापलं, की पंपाचं काम मंदावतं आणि पिल्लू पुन्हा नदीचा मासा होऊ लागतं. कनेटिकटमध्ये उशिरा निघालेल्या पिलांत संशोधकांना हेच आढळलं. आम्लधर्मी पावसाने मातीतलं ॲल्युमिनियम नदीत उतरलं तरी घात होतो. पिल्लू नदीत धडधाकट दिसतं आणि समुद्रात मरतं.

टर्नर्स फॉल्स इथे 1798 साली धरण झालं आणि काही वर्षांतच या नदीतला सालमन संपला. 1967 पासून त्याला परत आणायची खटपट झाली, धरणांवर माशांसाठी शिड्या आणि लिफ्ट आल्या. तरी परतणारे मासे मोजकेच राहिले आणि 2012 साली केंद्रीय मत्स्य खात्याने यातून अंग काढून घेतलं. या अपयशाला समुद्रात होणाऱ्या मृत्यूंसह अनेक कारणं आहेत. पण जिथे सालमन अजून टिकून आहे, तिथल्या धरणांनी वर चढायच्या शिडीवर समाधान मानू नये. वसंतातल्या त्या थोड्या आठवड्यांत पिलांना खाली जायची वाट विनाविलंब मोकळी मिळालीच पाहिजे.