संपत्तीविषयक ख्रिस्ती विचार

संपत्तीविषयक ख्रिस्ती विचार म्हणजे धन, लोभ आणि श्रद्धा यांच्या परस्परसंबंधांविषयी बायबल व चर्चच्या परंपरेने केलेली मांडणी होय. धन हे स्वतः पाप नसून त्याची आसक्ती पापास कारणीभूत होते, हे या विचाराचे मुख्य सूत्र आहे. महाराष्ट्रात कवी नारायण वामन टिळक यांचे जीवन हे त्याचे ठळक उदाहरण ठरते.

बायबलमधील आधार

देव व धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, अशी शिकवण मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:२४) आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (६:१०) दोष पैशाला नव्हे, तर पैशाच्या लोभाला दिला आहे. मार्कच्या शुभवर्तमानातील (१२:४१-४४) गरीब विधवेच्या दानाच्या प्रसंगात दानाचे मोल रकमेवर नव्हे, तर त्यामागील त्यागावर ठरते. प्रेषितांच्या कृत्यांत आरंभीच्या अनुयायांनी मालमत्ता सामाईक मानल्याचे वर्णन आहे.

परंपरेतील मतप्रवाह

लोभाची गणना सात प्रमुख पापांत होते. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी तेराव्या शतकात दारिद्र्याचे व्रत स्वीकारले. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी प्रामाणिकपणे मिळवावे, काटकसर करावी व उरलेले दान करावे, असा मार्ग सांगितला. याउलट, विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेला समृद्धीवादी पंथ ऐहिक संपन्नतेस श्रद्धेचे फळ मानतो. हे मत गरिबाच्या श्रद्धेवरच संशय निर्माण करते, अशी टीका अनेक ख्रिस्ती धर्मचिंतक करतात.

महाराष्ट्रातील उदाहरण

टिळक (१८६१-१९१९) यांचे प्राथमिक शिक्षण कल्याण येथे झाले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य केले. धर्मांतर आर्थिक लाभासाठी केले जाते, हा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जाई. परदेशी मिशनचे वेतन घेणाऱ्या प्रचारकाला त्याचे उत्तर देणे कठीण होते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि 'देवाचा दरबार' ही चळवळ सुरू केली. तीत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते.

अशा निःस्पृहतेचा भार कुटुंबावरही पडतो. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून पतीची उदार वृत्ती आणि संसारातील ओढाताण या दोन्ही बाजू दिसतात.