कुंडीतला सांबार

नागपुरात भाजीवाल्याकडे ‘सांबार’ मागितला की कोथिंबीर मिळते, सांबारवडी तिचीच. घरी पेरायची तर ऑक्टोबर ते जानेवारी. धने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, ४०-४५ दिवसांत कापणी. उन्हाळ्यात हट्ट नको. ऊन तापले की झाड पाने सोडून फुलोऱ्यावर जाते.

इथली काळी माती नुसती भरू नका. ओली असताना चिकट, वाळली की भेगाळलेली. तेवढेच शेणखत आणि तेवढीच वाळू मिसळा.

पुदिना बाजारच्या जुडीतल्या काडीवरही लागतो. पसरतो फार, म्हणून त्याची कुंडी वेगळी. गोडलिंब (पुण्यामुंबईचा कढीपत्ता) आणि गवती चहा चिवट. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा.

खरी परीक्षा मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा. गच्चीवर हिरवी नेट हवीच. पाणी भल्या पहाटे. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र कुंड्यांत ओतू नका. पाणी उडून जाते, क्षार तेवढे मागे साचतात.