कावसजीचं नाक

मंडळी, इथे खेडमध्ये एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘सर, नाकाची सर्जरी करू का?’ तिला कावसजीबद्दल सांगितलं. इंग्रजी फौजेचा हा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. नाक आणि एक हात गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एकाने मेणाच्या साच्यावरून कपाळाची कातडी सोडवली, खाली वळवून नाक केलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ साली त्याचं चित्र आलं. कपाळावरचा व्रण त्यात दिसतोच.

कावसजीला नाकच नव्हतं. हिला आहे, पण आवडत नाही. म्हणून हिचा निर्णय जास्त अवघड, बरं का! ‘किती छान दिसेन?’ यापेक्षा ‘मनासारखं नाही झालं तर?’ हे डॉक्टरांना आधी विचारावं. सूज पुरती उतरायलाच वर्षभर लागू शकतं.