वाघाच्या मुलखात ताऱ्यांचा फोकस

ताऱ्यांचे फोटो काढायचे तर रात्रभर दुर्बिणीशेजारी बसावं, हा सल्ला सावली-सिंदेवाहीत किंवा वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत चालत नाही. इथे वाघ धानाच्या बांध्यांवरून फिरतो, मोहाच्या दिवसांत अस्वलं गावाच्या कडेला येतात. चंद्रपुरात 2920 मेगावॉटच्या वीज केंद्राचे आणि शहराचे दिवे आकाश पांढुरकं करतात, म्हणून आम्ही व्याहाडच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात दुर्बीण मांडतो. ‘‘भाऊ, अंधार पडला का बाहेर नका थांबू जी,’’ असं घरधनी दर वेळी बजावतात आणि मी ते मानतो. दुर्बीण अंगणात, लॅपटॉप आणि आम्ही घरात. सगळी भिस्त ऑटोफोकसवर.

दुर्बिणीच्या फोकसरला जोडलेली छोटी मोटर कॅमेरा केसभर मागेपुढे सरकवते. प्रत्येक जागी एक फोटो निघतो आणि सॉफ्टवेअर त्यातल्या ताऱ्यांचा आकार मोजतं. फोकस सुटला की तारा फुगतो, जुळत आला की बारीक होतो. हे आकडे आलेखावर मांडले की इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी रेघ उमटते; तिचा तळ म्हणजे अचूक फोकस. काही बिघडलं तर मोटर उघडण्याआधी ही रेघ वाचावी, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक दुखणी तिथेच दिसतात.

तळ परातीसारखा पसरट असेल तर मोटर दर वेळी फारच थोडी सरकते आहे. टप्पे मोठे करावेत; रेघेच्या दोन्ही टोकांना तारा तळाच्या तिप्पट-चौपट दिसायला हवा. रेघ उगाच खालीवर उड्या मारत असेल तर एक्सपोजर अपुरं आहे. अर्ध्या सेकंदाच्या फोटोत हवेची थरथरच जास्त मोजली जाते. तीन-चार सेकंद दिले की ती सरासरीत विरते.

सगळ्यात छळतो तो तिसरा प्रकार. रेघ सुरेख येते, मोटर ठरलेल्या जागी परत गेल्याचं सांगते आणि तरी शेवटचा फोटो पुसट. इथे गिअरमध्ये प्ले असतो. मोटर दिशा बदलते तेव्हा दात्यांमधली फट भरेपर्यंत ती नुसती फिरते, कॅमेरा जागचा हलत नाही. सॉफ्टवेअर शंभर टप्पे मोजतं, कॅमेरा साठच सरकलेला असतो. यावर उपाय असा, की मोटरला मुद्दाम थोडं पुढे नेऊन शेवटची चाल नेहमी एकाच दिशेने करायला लावायची, शक्यतो कॅमेऱ्याचं वजन वर उचलणाऱ्या दिशेने. म्हणजे दाते एकमेकांना टेकलेले राहतात. तेवढ्यावरही भागलं नाही तर मोटरचा दांडा फोकसरला जोडणाऱ्या कपलरचा बारीक ग्रब स्क्रू बघावा. मोटरचा दांडा आणि कपलर यांच्यावर मार्करने एकच सरळ रेघ ओढून ठेवावी. सकाळी तिचे दोन तुकडे सरकलेले दिसले, तर स्क्रू घसरतो आहे.

आपल्याकडच्या हिवाळ्याचं गणित वेगळं. धान कापणीनंतर संध्याकाळ ते पहाट पारा सहज दहा अंश उतरतो. अर्धा मीटर लांबीची अॅल्युमिनियमची नळी तेवढ्यात साधारण 0.115 मिलिमीटर आक्रसते. एफ 5 च्या दुर्बिणीला हिरव्या प्रकाशात फोकसची मुभा असते जेमतेम 0.067 मिलिमीटर! तिन्हीसांजेला नेटका लावलेला फोकस मध्यरात्रीपर्यंत टिकणारच नाही. म्हणून तापमान एक-दोन अंश उतरलं की फोकस पुन्हा घ्यायची सूचना सॉफ्टवेअरला द्यावी. तापमानाचा सेन्सर मात्र नळीला चिकटलेला हवा. घरातल्या उबेत पडलेला सेन्सर चुकीचंच सांगणार. फिल्टर बदलल्यावरही फोकस नव्याने घ्यावा.

पहाटे दव पडतं तेव्हा घोटाळा होतो, कारण भिंगावर दव धरलं तरी तारे फुगतात आणि ऑटोफोकस बिचारा पुन्हा पुन्हा धडपडतो. फरक ओळखायची खूण ताऱ्यांच्या संख्येत आहे. थंडीने फोकस जरासा सुटला तर तारे मोठे होतात, पण संख्या फारशी घटत नाही. दवाने किंवा ढगाने मात्र फिके तारे भराभर गायब होतात. अशा वेळी मोटरच्या सेटिंगला हात लावू नये. भिंगाभोवतीचा हीटरचा पट्टा चालू आहे का ते बघावं.

हे सगळं तपासायला बाहतिनोव्ह मास्क जवळ असावा. खाचा पाडलेलं हे झाकण दुर्बिणीच्या तोंडावर लावलं की ठळक ताऱ्यातून तीन किरण फुटतात आणि मधला किरण इतर दोघांच्या बरोबर मध्यावर आला की फोकस जुळला. तिन्हीसांजेला एखादा ठळक तारा दिसू लागताच त्याच्यावर दुर्बीण रोखून मोटरने निवडलेली जागा या मास्कने एकदा पडताळावी. मधला किरण एका बाजूला सरकलेला दिसला तर प्ले आणि ग्रब स्क्रू तेव्हाच बघून घ्यावेत आणि मगच घरात जाऊन दार लावावं.