रमजानमधला सहाचा खेळ

रमजान लागला की आमच्या टॉकीजचा गल्ला निम्म्यावर यायचा. मोहल्ल्यातली माणसं रात्री तरावीहच्या नमाजला जायची आणि नऊचा खेळ रिकामा चालायचा. महिनाभर टॉकीज बंद ठेवा, असं नातेवाईक दरवर्षी सुचवत. अब्बा विचारायचे, "मग डोअरकीपरच्या, ऑपरेटरच्या घरच्या चुली कोण पेटवणार?"

टॉकीज चालूच राहायची. सहाच्या खेळात इफ्तारची वेळ व्हायची. तेव्हा प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जळत. त्या झिजतील तशा पुढे सरकवाव्या लागत, नाहीतर पडदा काळवंडायचा आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या. त्यामुळे मशीन सोडून जाणं अशक्यच. आमचे रोजेदार ऑपरेटर खजूर घेऊन खाली यायचे, तेवढा वेळ त्यांचा हिंदू मदतनीस केबिन सांभाळायचा. दिवाळीत हेच ऑपरेटरचाचा एकटे चारही खेळ चालवून त्याला घरी पाठवत.

१९९१ साली 'माहेरची साडी' आला. आमच्याकडे तो लागला, तेव्हा खेड्यापाड्यांतून बायका ट्रॅक्टर भरभरून आल्या. त्या कमाईने कित्येक रमजानची तूट भरून निघाली.

पुढे केबल घरोघरी पोचली आणि टॉकीज बंद पडली. अब्बांची पगाराची वही मात्र घरात आहे. बोनसचा रकाना तिच्यात एकच आहे: 'ईद-दिवाळी'. त्याखाली सगळ्यांची नावं आहेत, आणि रमजानच्या महिन्यातही कुणाचा पगार कापलेला दिसत नाही.