‘गावरान’ आणि ‘फ्री रेंज’ : शब्दांमागील वास्तव

दीर्घ ज्वरातून उठलेल्या, बल क्षीण झालेल्या मांसाहारी रुग्णास मांसरस घेण्याचा सल्ला आपण सारेच वैद्य देतो. त्यासोबत सवयीने एक वाक्य जोडतो : “कोंबडी गावरान असावी.” रुग्ण ते वाक्य प्रमाण मानतो आणि दुप्पट दाम मोजून तपकिरी अंड्यांचा डबा किंवा ‘गावरान’ अशी पाटी लावलेल्या दुकानातील कोंबडी घरी नेतो. आम्हीही हे वाक्य अनेक वर्षे उच्चारत आलो. ‘गावरान म्हणजे नेमके काय, आणि ते ओळखावे कसे?’ असे एका रुग्णाच्या मुलाने विचारले, तेव्हा आम्हांस समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचा मागोवा घेताना जे हाती आले, ते व्यवसायबंधूंपुढे आणि औषधी निर्मात्यांपुढे ठेवीत आहोत.

संहितांचे म्हणणे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात कुक्कुटाची गणना विष्किर वर्गात केली आहे. पायांनी व चोचीने जमीन उकरून, विखरून जे खातात ते विष्किर. म्हणजे वर्गाचे नावच पक्ष्याच्या कृतीवरून पडले आहे. कुक्कुटमांस स्निग्ध, उष्ण, बृंहण, बल्य, वृष्य व वातहर सांगितले आहे. मात्र सुश्रुत वन्य आणि ग्राम्य असा भेद करतात आणि ग्राम्य कुक्कुटास गुरू म्हणतात. वाग्भटही ग्राम्य कुक्कुट श्लेष्मल व गुरू असल्याचे नमूद करतात. आपण ज्यास ‘गावरान’ म्हणून गौरवितो ती अंगणातली कोंबडी शास्त्रदृष्ट्या ग्राम्यच होय, हे येथे ध्यानात घ्यावे. वन्य कुक्कुट आता चिकित्सेत येऊ शकत नाही. सह्याद्रीतील रानकोंबड्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण असून त्याची शिकार हा गुन्हा आहे.

याच अध्यायात मांसपरीक्षणाचे निकष दिले आहेत. त्यांतील पहिला ‘चर’, म्हणजे प्राणी कोठे वावरतो व काय खातो. ‘क्रिया’, म्हणजे त्याची हालचाल, हाही एक निकष आहे. त्याज्य मांसाच्या यादीत अतिमेदयुक्त व अतिबाल प्राण्यांबरोबर ‘अगोचरभृत’ हा शब्द येतो. अर्थ असा की, जो प्राणी आपल्या स्वाभाविक चरण्याच्या प्रदेशात वाढलेला नाही तो. आजच्या ‘फ्री रेंज’ या शब्दाने जे सुचवावयाचे असते, तेच आचार्यांनी एका सामासिक पदात सांगून ठेवले आहे. प्रश्न इतकाच की, बाजारातील शब्द त्या अर्थाशी प्रामाणिक आहे काय?

व्यापारी कुक्कुटपालनाचे स्वरूप

मांसासाठीची कोंबडी आणि अंड्यांसाठीची कोंबडी हे आज दोन निराळे उद्योग आहेत. अमेरिकेत १९४८ साली ‘उद्याची कोंबडी’ या नावाच्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी झाली आणि अधिक मांसल, जलद वाढणाऱ्या वाणांच्या निवडीस वेग आला. तिचा परिणाम कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसतो. १९५७ चा वाण व २००५ चा वाण एकसारख्या आहारावर वाढविला असता, ५६ दिवसांच्या वयात पहिल्याचे वजन सुमारे ९०५ ग्रॅम, तर दुसऱ्याचे सुमारे ४,२०० ग्रॅम भरले. आहार तोच, बदलला तो वाण.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ‘ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शने देतात’ हे विधान आपल्यापैकी अनेकजण रुग्णांपुढे करतात. हजारो पक्ष्यांस वारंवार इंजेक्शन देणे व्यवहारात परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. जलद वाढ ही आनुवंशिक निवड, संतुलित खाद्य आणि नियंत्रित प्रकाश-तापमान यांची निष्पत्ती आहे. अमेरिकेत तर कुक्कुटपालनात हार्मोन वापरण्यास बंदीच आहे. त्यामुळे तेथे वेष्टनावर ‘हार्मोनविरहित’ लिहिल्यास, कायद्यानेच त्यांस मनाई आहे, हेही सोबत छापावे लागते. चुकीचे कारण सांगून आपण खऱ्या प्रश्नावरून लक्ष हटवितो.

खरा प्रश्न प्रतिजैविकांचा आहे. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाच्या, अन्नोत्पादक प्राणी व कुक्कुटपालनासाठीच्या, निर्मिती व विक्रीस मनाई केली. कारण इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर मनुष्यासाठी राखून ठेवलेले ते औषध आहे.

आपल्याकडील ब्रॉयलर पिंजऱ्यात नसतो. तो शेडमध्ये भाताच्या तुसावर वाढतो. त्यास पक्ष्यामागे साधारण एक चौरस फूट जागा मिळते व सुमारे ३५ ते ४२ दिवसांत तो विक्रीस जातो. म्हणून कोंबडीच्या मांसावर ‘पिंजराविरहित’ असे लिहिणे खोटे नसले, तरी निरर्थक आहे. अंड्यांच्या कोंबडीची गोष्ट वेगळी. ती बहुधा तारेच्या पिंजऱ्यात असते. २०२३ च्या नियमांनी प्रत्येक कोंबडीस किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा ठरविली आहे. आपण ज्यावर औषधपत्र लिहितो तो ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो, एवढी तुलना पुरेशी आहे. तारेवर उभ्या पक्ष्यास उकरण्यास माती नाही; तो नावाचाच विष्किर उरतो.

वेष्टनावरील शब्द

अमेरिकेत कोंबडीच्या मांसावर ‘फ्री रेंज’ लिहिण्यासाठी पक्ष्यास बाहेर जाण्याची मुभा होती, हे उत्पादकाने शासकीय यंत्रणेस दाखवावे लागते. बाहेरची जागा किती मोठी, तेथे गवत होते की सिमेंट, आणि पक्षी प्रत्यक्षात बाहेर गेला काय, हे त्या व्याख्येत येत नाही.

युरोपात व्याख्या अधिक काटेकोर आहे. तेथे साधे बॅटरी पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. अंड्यावरच पालनपद्धतीचा अंक उमटविलेला असतो : ० सेंद्रिय, १ मोकळ्या रानातील, २ शेडमधील, ३ पिंजऱ्यातील. पहिल्या क्रमांकासाठी दर कोंबडीस ४ चौरस मीटर मोकळी जागा असावी लागते. मांसाच्या ‘फ्री रेंज’ कोंबडीचे वय किमान ५६ दिवस असावे लागते. फ्रान्समधील ‘लेबल रूज’ या गुणचिन्हासाठी ते ८१ दिवस आहे. तरीही दार उघडे असणे व पक्ष्याने बाहेर पडणे यांत अंतर राहते. कोंबडी ही मूळची रानझुडपांतील. डोक्यावर आच्छादन नसलेल्या उघड्या माळावर जाण्यास ती बिचकते आणि मोठ्या कळपातील बऱ्याच कोंबड्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. शिवाय पक्षीज्वराच्या काळात मोकळ्या कोंबड्याही कोंडाव्या लागतात. ब्रिटनमध्ये असा बंदिवास लांबल्यामुळे २१ मार्च २०२२ पासून त्या अंड्यांवरील ‘फ्री रेंज’ हा शब्द काही काळ काढावा लागला होता. आम्हांस हे उदाहरण शब्दाचा मान राखणारे वाटते : वस्तुस्थिती बदलली, म्हणून शब्दही बदलला.

आपल्याकडे ‘गावरान’ हा बोलीतील शब्द आहे. अंड्यावर पालनपद्धतीचा अंक उमटविण्याची सक्ती येथे नाही. त्यामुळे ग्राहक रंगावर विसंबतो. परंतु कवचाचा तपकिरी रंग वाणावर अवलंबून असतो. पिंजऱ्यातील कोंबडीही तपकिरी अंडे देते. बलक गडद होतो तो खाद्यातील रंगद्रव्यांनी, आणि खाद्यात मका वा झेंडूचा अर्क मिसळूनही तो तसा करता येतो. गिरिराज, वनराज यांसारखे संस्थांनी विकसित केलेले वाण दिसण्यास देशी असले, तरी ते शेडमध्ये कोंडून वाढविल्यास ‘चर’ हा निकष पूर्ण होत नाही. उलट बाजूही पाहावी. कचराकुंडीवर वा दूषित मातीत चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्यांत शिसे उतरू शकते. मोकळे फिरणे हे गुणाचे एक अंग झाले. कोठे फिरली हे दुसरे.

वैद्यांनी काय करावे?

आम्ही आता ‘गावरान’ एवढ्या शब्दावर थांबत नाही. रुग्णाने विक्रेत्यास पाच प्रश्न विचारावेत असे सांगतो : पक्ष्याचे वय किती? वाण कोणता? दिवसाचा किती काळ तो मातीवर असतो? खाद्य काय? औषध दिले असल्यास विक्रीपूर्वी किती दिवस थांबविले? गावातील ओळखीच्या घरून कोंबडी मिळत असेल तर ही उत्तरे सहज मिळतात. मिळत नसतील आणि रुग्णाची ऐपत बेताची असेल, तर संशयास्पद पाटीपायी त्याने दुप्पट खर्च करू नये. साध्या अंड्यातील प्रथिनांचे प्रमाण त्या महाग अंड्याएवढेच असते. अग्नी मंद असताना मात्रा व संस्कार यांकडे लक्ष देणे अधिक हिताचे.

औषधी निर्मात्यांसही यात विचार करण्याजोगे आहे. कुक्कुटाण्डत्वक् भस्मासाठी कवच येते ते बहुधा व्यापारी अंड्यांचेच. कवचाचा बहुतांश भाग कॅल्शियम कार्बोनेट असतो. तेव्हा आतील पापुद्रा नीट काढणे, शोधन व मारण यथाशास्त्र करणे, हेच गुणवत्तेचे खरे आधार आहेत. कवच कोठून आले याची नोंद आपल्या दप्तरी असावी; आणि ती नसताना वेष्टनावर ‘गावरान अंड्यांपासून’ असे छापण्याचा मोह टाळावा.

कुक्कुटपालकाच्या पाटीवर बोट ठेवताना आपल्या बाटल्यांवरील ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ हे शब्दही त्याच कसोटीस लागतात. रुग्ण आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे मोजतो. ज्या शब्दाचा अर्थ आपण पुराव्यानिशी सांगू शकत नाही, तो शब्द औषधपत्रावरही नसावा आणि वेष्टनावरही नसावा, असे आमचे नम्र मत आहे.